नवी क्रूझर आणि माझ्या मापाचे पहिले बदल

मागच्या दीड महिन्यात माझ्या नव्या गाडीचे अकराशे किलोमीटर पुरे झाले. रॉयल एनफिल्डची सुपर मेटिऑर ६५० ही माझी पहिली क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे टाकून बसायची मोटरसायकल. गाडी ताब्यात यायच्या आदल्या रात्री मी वहीच्या पहिल्या पानावर तिच्यासाठी घ्यायच्या वस्तूंची यादी लिहून ठेवली होती. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हँडलच्या टोकांना लावायचे गोल आरसे, जादा दिवे, चामडी बॅगा आणि सर्वांत शेवटी, जमले तर, गाडी पडल्यावर तिला वाचवणारा क्रॅश गार्ड. आज त्याच वहीच्या विसाव्या पानावर जी यादी आहे तिच्यात त्यांतली फार थोडी नावे उरली आहेत आणि त्यांचा क्रम तर पार उलटा झाला आहे. हा फरक का पडला ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण नवी क्रूझर घेणारे बहुतेक जण माझ्यासारखीच यादी घेऊन सुरुवात करतात.

माझी उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ५८ किलो आहे. उंच सीटच्या गाड्या मी वर्षानुवर्षे एका पायाच्या चवड्यावर तोलत चालवल्या, त्यामुळे क्रूझरकडे माझा ओढा आधी सीटच्या उंचीमुळे झाला. कागदावर पाहिले तर होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिलिमीटरवर आहे, कावासाकी व्हल्कन एसची ७०५ वर आणि सुपर मेटिऑरची ७४० वर. एवढेच आकडे पाहून निवड करायची तर माझी गाडी शेवटच्या क्रमांकावर जायला हवी होती. पण सीटची उंची हा अर्धाच हिशेब आहे. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढीच पायाची लांबी वाया जाते. ती अरुंद असेल तर दोन बोटे उंच सीटवरूनही पूर्ण तळवा जमिनीला टेकतो. त्याशिवाय पायटे (पाय ठेवायच्या दांड्या) किती पुढे आहेत, गुडघा किती वाकतो, हँडल धरताना कोपर सरळ होते की किंचित वाकलेले राहते, हे सगळे सीटच्या उंचीइतकेच महत्त्वाचे आहे. व्हल्कन एसचे पायटे तीन जागी पुढेमागे बसवता येतात आणि सीट व हँडलही माणसाच्या बांध्याप्रमाणे बदलून मिळतात. ती गाडी मी घेतली नाही, पण गाडी माणसाच्या मापाने बेतता येते ही कल्पना मला तिथे पहिल्यांदा नीट समजली आणि पुढचे सगळे विचार तिच्यातूनच आले.

सुपर मेटिऑर घ्यायला लावले ते तिच्या इंजिनाने. ६४८ सीसीचे दोन सिलिंडर शेजारीशेजारी आहेत, पण क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन खुंट्या एकमेकींपासून २७० अंशांवर असल्यामुळे दोन्ही सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर दुसरा २७० अंशांनी आणि मग पुन्हा पहिला ४५० अंशांनी. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेल्या नव्वद अंशांच्या व्ही-ट्विन इंजिनात हेच अंतर असते, म्हणून आवाजात ती ओळखीची लंगडी लय येते. ताकद मिनिटाला ७२५० फेऱ्यांना ४७ पीएस (अश्वशक्तीचे माप) आहे, पण रोजच्या वापरात जाणवते ते टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. ५६५० फेऱ्यांना ५२.३ न्यूटन मीटर हा त्याचा कमाल आकडा, आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग २५०० फेऱ्यांनाच हाती येतो. वळणातून बाहेर पडताना गिअर खाली न टाकता नुसते ॲक्सिलरेटर उघडले तरी गाडी न कुरकुरता उचलते. टेस्ट राइडच्या दहाव्या मिनिटाला माझा निर्णय झाला होता.

या गाडीचा सेलेस्टियल नावाचा प्रकार विंडस्क्रीन, जास्त गुबगुबीत टूरिंग सीट आणि मागच्याला पाठटेकण घेऊनच येतो. ॲस्ट्रल हा साधा प्रकार आहे. लांबचे प्रवास करायचे असे मनात असूनही मी ॲस्ट्रल घेतला, कारण सीट आणि काच या दोन गोष्टी माझ्या शरीराच्या मापाने ठरवायच्या होत्या. ज्यांचा बांधा मध्यम आहे आणि ज्यांना कारागिराकडे खेपा घालायला वेळ नाही, त्यांनी तयार टूरिंग प्रकार घ्यावा असे मी मनापासून सांगेन. त्यात काहीच कमीपणा नाही.

पहिले पाचशे किलोमीटर मी गाडीला एकही वस्तू लावली नाही, असे लिहायला मला आवडले असते. तसा निश्चय मात्र होता. नवे इंजिन रुळताना पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना घासून बसतात. त्या काळात एकाच वेगाने तासन्‌तास चालवणे, वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिनाला रडवणे आणि थ्रॉटल पूर्ण पिळणे या तिन्ही गोष्टी टाळायच्या असतात. मी मुद्दाम चढउतारांचे आणि वळणांचे रस्ते निवडले, म्हणजे फेऱ्या आपोआप वरखाली होत राहतात. ५०० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला जुने ऑइल काढताना मी शेजारी उकिडवी बसून पाहत होते. ऑइल तपकिरी झाले होते आणि उन्हात धरल्यावर त्यात अगदी बारीक चंदेरी झाक दिसत होती. ती म्हणजे रिंगा, गिअर आणि बेअरिंगा एकमेकांत बसताना निघालेले धातूचे कण. हे ऑइल वेळेवर काढणे हा नव्या गाडीचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा बदल आहे, पण तो दिसत नसल्यामुळे कोणी त्याचे फोटो काढत नाही.

निश्चय मोडला तो तिसऱ्या आठवड्यात. एका अरुंद रस्त्यावर उजवीकडे यू-टर्न घेत होते. हँडल उजवीकडे पूर्ण वळले की डावा हात शरीरापासून लांब जातो, आणि क्लच तर डाव्याच हातात असतो. माझी बोटे लिव्हरच्या टोकापर्यंत कशीबशी पोहोचत होती. अर्धा क्लच दाबून गाडी हळूहळू सरकवायची त्या क्षणी तो बोटांतून सुटला, गाडीने पुढे हिसका दिला आणि मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की सगळे वजन आतल्या बाजूला कोसळते. इंधनासह २४१ किलोची गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की तिला पायाने थोपवता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, कारण गाडीचा ओरखडा भरून निघतो, घोट्याचे तसे नसते. मी पाय काढून घेतला आणि गाडीला खाली जाऊ दिले. ब्रेकच्या लिव्हरचे टोक वाकले आणि उजव्या सायलेन्सरवर चार बोटे लांबीचा ओरखडा उठला. मला काही झाले नाही.

उचलण्याची पद्धत मी आधी वाचून ठेवली होती, म्हणून ती इथे नीट लिहिते. आधी इंजिन बंद करायचे लाल बटण दाबावे आणि किल्ली फिरवावी. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड वरच्या बाजूला येतो; तो आधी बाहेर काढावा आणि गाडी गिअरमध्ये टाकावी म्हणजे ती सरकत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवावी, हँडल पूर्ण वळवून त्याचे खालचे टोक टाकीजवळ आणावे, एका हाताने ते आणि दुसऱ्या हाताने सीटखालची मजबूत पट्टी धरावी, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने छोटी छोटी पावले मागे टाकत जावे. जोर पाठीने लावायचा नाही. गाडी उभी झाली की ती पलीकडे कलून आपोआप साइड स्टँडवर विसावते. डाव्या अंगावर पडली तर स्टँडचा हा आधार मिळत नाही, म्हणून उभी करताना ती उजवीकडे पडू नये याची जास्त काळजी घ्यावी लागते. आजच्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद पाडणारा सेन्सर असतो. त्यामुळे किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही, आणि त्या घाबरलेल्या मिनिटात हे आठवले नाही तर गाडी बिघडली असेच वाटते.

त्या संध्याकाळी यादी बदलली. क्रॅश गार्ड शेवटून पहिल्या जागी आला. तो निवडताना मी दोनच गोष्टी पाहिल्या. एक, त्याचा भार इंजिनाच्या आवरणावर न येता फ्रेमवर यावा आणि पकडीच्या जागा एकमेकींपासून लांब असाव्यात. एकाच ठिकाणी कसलेला गार्ड धक्क्याने वाकतो आणि वाकताना ती जागाही ओढून नेतो. दोन, गाडी आडवी झाल्यावर हँडलचे टोक, गार्ड आणि मागचा पायटा या तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे, म्हणजे खाली पाय अडकणार नाही इतकी पोकळी उरते. गार्डवर पुढे पाय ठेवायचे जादा पायटे लावायची सोयही मिळत होती, ती मी नाकारली. पाय तिथे असताना ब्रेकच्या पेडलवर यायला जो वेळ लागतो तो मला परवडणारा वाटत नाही.

पण गार्डने परिणाम कमी होतो, कारण तसेच राहते. कारण होते हँडलचे अंतर. माझ्या हातांच्या लांबीला ते पुढे पडत होते. आधी मी फुकटातला उपाय केला. दोन्ही लिव्हर जवळदूर करायची चकती त्यांच्यावरच आहे. ती फिरवून दोन्ही बोटांजवळ आणले. मग हँडलचे क्लॅम्प सैल करून ते एका अंशाने आपल्याकडे वळवले आणि लिव्हरांचा कोनही त्याप्रमाणे दुरुस्त केला. निम्मे दुखणे तिथेच गेले. उरलेल्यासाठी हँडल २५ मिलिमीटर मागे आणणारे रायझर (हँडलखाली बसवायचे ठोकळे) घेतले, आणि त्यापेक्षा जास्त घेतले नाहीत ते केबलींमुळे. हँडल मागे आणि वर आले की क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल आणि पुढच्या ब्रेकच्या ऑइलची नळी या तिन्हींना जास्त लांबी लागते. बसवल्यावर हँडल डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत नेऊन प्रत्येक केबल हाताने चाचपून पाहिली. नळीला कुठेही ताण नको, पिळ नको. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पुन्हा तसेच दोन्हीकडे वळवले आणि कान देऊन ऐकले. हँडल वळवताना इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या तर समजावे की ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे, आणि मग त्या गाडीवर अंगणाबाहेरही जाऊ नये.

आता मागच्या शॉकअपविषयी. या एका विषयावर मी वहीची पाच पाने भरली आहेत. क्रूझरची सीट खाली आणायची म्हणजे मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. माझ्या गाडीत ती १०१ मिलिमीटर आहे. त्यात पायटे पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी पायांवर भार घेऊन सीटवरून उठता येत नाही. सरळ बसायच्या गाडीवर गुडघे हाच तिसरा शॉकअप असतो आणि क्रूझरवर तो नसतो, म्हणून प्रत्येक धक्का थेट माकडहाडातून वर कण्यात जातो. हे कोणत्या एका गाडीचे वैगुण्य नाही, त्या बैठकीचाच तो स्वभाव आहे, आणि म्हणूनच इथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो.

धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र मदतीला आले. मागच्या चाकाच्या आसापाशी एक आणि बरोबर त्याच्या वर मडगार्डवर दुसरी अशा चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या. त्या दोघांनी गाडी साइड स्टँडच्या बाजूला जपून कलवून मागच्या चाकावरचा भार काढला आणि मी टेपने अंतर मोजले. मग गाडी सरळ धरून मी जॅकेट आणि हेल्मेटसह, रोज बसते तशी बसले, दोनदा अंग उचलून दाबले आणि भावाने पुन्हा अंतर मोजले. फरक आला १७ मिलिमीटर. चालक बसल्यावर एकूण हालचालीचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा दबला जावा असे मानतात; म्हणजे इथे २५ ते ३३ मिलिमीटर हवे होते. माझ्या वजनाला स्प्रिंग फार ताणलेली होती, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी वरूनच उडत होते. शॉकअपच्या तळाच्या कड्याला खाचा असतात. त्यांत आकड्यासारखा पाना अडकवून ते फिरवले की स्प्रिंगचा ताण पाच पायऱ्यांत बदलतो. दोन्ही बाजू सारख्याच पायरीवर हव्यात हे वेगळे सांगायला नको. सर्वांत सैल पायरीवर आणल्यावर फरक २३ मिलिमीटर झाला. दोन मिलिमीटर कमीच पडले, पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर तोच गतिरोधक ओलांडताना दात वाजले नाहीत. ताई मागे बसते तेव्हा चौथ्या पायरीवर जावे लागते, म्हणून तो पाना आता सीटखाली कायमचा ठेवला आहे.

हे सगळे होईपर्यंत मी नवे महागडे शॉकअप घ्यायच्या विचारात होते. तो विचार सोडलेला नाही, पण पुढे ढकलला आहे. हाताशी आहे ते नीट लावून पाहिल्याशिवाय नवे घेतले असते तर फरक कशाने पडला हे मला कधीच समजले नसते.

सीटचे काम अजून व्हायचे आहे. सव्वा तासानंतर माझी कंबर मागे ढळते आणि भार बैठकीच्या दोन हाडांवरून सरकून मधल्या माकडहाडावर येतो. दुखते ते तेव्हा. लोक मऊ सीट मागतात, आणि तिथेच चुकतात. फार मऊ फोम अर्ध्या तासात पूर्ण दबतो आणि मग आपण खालच्या पत्र्यावरच बसलेलो असतो. फोम घट्ट हवा, त्याला आकार बरोबर हवा आणि मऊपणाचा पातळ थर फक्त वर हवा. माझ्या बाबतीत मागचा भाग थोडा उचलून कमरेला आधार द्यायचा आहे आणि पुढचे दोन कोपरे तासून मांड्यांना जागा करायची आहे. कारागिराला तोंडी सांगून भागणार नाही म्हणून मी दहा मिलिमीटर जाडीच्या फोमचे तुकडे कापून चिकटपट्टीने सीटवर लावले, वरून कव्हर ताणून बसवले आणि तीन रविवार त्यावर हिंडले. पहिल्या रविवारी दोन थर जास्त झाले आणि मी पुढे घसरत राहिले. दुसऱ्या रविवारी एक थर काढला. तिसऱ्या रविवारी दोन तास चाळीस मिनिटे एकसलग बसले आणि उतरल्यावर कंबरेवर हात गेला नाही. ते तुकडे आता तसेच्या तसे कारागिराला द्यायचे आहेत, नमुना म्हणून.

ताईचा प्रश्न वेगळा होता. पहिल्या लांब फेरीनंतर ती म्हणाली, "तुला धरायला हँडल आहे गं, मला काहीच नाही. तू ब्रेक दाबलास की मी तुझ्यावर येते आणि पिकअप घेतलास की वाटतं मागे जाणार." गाडीची निवड करताना मी मागच्या माणसाचा विचारच केला नव्हता, याचे मला खरोखर वाईट वाटले. पाठटेकण म्हणूनच आता काचेच्याही आधी येणार आहे. ते कमरेच्या वरच्या भागाला टेकले पाहिजे. फार बुटके असेल तर ते पाठीत रुततेच, शिवाय त्याच्या भरवशावर मागे रेललेला माणूस जास्त धोक्यात येतो. ताईला सीटवर बसवून जमिनीपासून नव्हे तर सीटपासूनची उंची मोजली आहे.

विंडस्क्रीनची घाई नाही, पण ती होणार हे नक्की. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला छातीवर जेवढा दाब येतो त्याच्या सव्वादोन पट तो ९० ला येतो. क्रूझरवर माणूस छाती उघडी टाकून बसतो आणि हात पुढे ताणलेले असतात, त्यामुळे तो दाब खांदे आणि मनगटे सोसतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्रेग व्हेटर यांचे विंडजॅमर नावाचे फेअरिंग (वारा अडवणारे पुढचे आवरण) अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर बसत असे आणि ते प्रचंड खपले. लांब पल्ल्याच्या लोकांना त्याची गरज किती होती हे त्यावरून समजते. काचेची उंची ठरवायला मी पुठ्ठा कापून दिव्याच्या वर लावला आणि उभ्या गाडीवर बसून पाहिले. वरची कड नजरेच्या रेषेच्या चार बोटे खाली हवी. तशी असली की वारा हेल्मेटच्या वरून जातो आणि पावसात किंवा रात्री काचेतून न पाहता काचेवरून रस्ता पाहता येतो. कड थेट हेल्मेटच्या हनुवटीपाशी आली तर मात्र काच नसलेलीच बरी, कारण भोवऱ्यात सापडल्यासारखे डोके हलत राहते.

जादा दिव्यांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. गाडीचा एलईडी दिवा माझ्या रात्रीच्या वापराला पुरतो. धुके आणि वळणांच्या कडा यांसाठी पुढे कधी लावलेच तर पिवळ्या उजेडाचे आणि खाली, गार्डवर लावीन, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत. दोन मिळून ४० वॉटचे दिवे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आतच घेतात. त्यांना थेट बॅटरीवरून, रिलेमार्फत (छोट्या प्रवाहाने चालणाऱ्या विजेच्या स्विचमार्फत) आणि पाच अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजसह वीज द्यावी. गाडीची मूळ वायर सोलून तिच्यावर जोड मारू नये. वॉरंटीचा प्रश्न त्यात आहेच, पण पावसात त्या जोडावर गंज चढतो आणि एका रात्री सगळेच दिवे जातात, हे जास्त महत्त्वाचे.

बॅगांबाबत लिहायचे ते थोडक्यात. कापडी असोत की चामडी, त्यांना चाकापासून दूर धरणारी पट्टी आधी लावावी आणि दोन्हीकडे सारखे वजन भरावे. आरसे आहेत तेच ठेवते आहे, कारण त्यांत मागचा रस्ता दिसतो. पंक्चर काढायचे साहित्य आणि छोटा पंप मात्र पहिल्याच आठवड्यात घेतला. चाके ट्यूबलेस असल्यामुळे खिळा शोधून, भोक साफ करून, चिकट वात ओवली की दहा मिनिटांत पुढे निघता येते. गाडीला मुख्य स्टँड नसल्याने चेन साफ करायला मागचे चाक उचलणारा पॅडॉक स्टँडही घ्यावा लागला.

राहिला सायलेन्सर, पहिल्या यादीतला पहिला. तो मी रद्द केला आहे. क्रूझरमध्ये बदल करण्याची परंपरा मला माहीत आहे आणि ती मला आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुणांनी मोठाल्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढले, मागचे कापले आणि त्यांतून बॉबर घडले. पुढे १९७१ मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या विली जी. डेव्हिडसन यांनी मोठ्या हार्लेच्या फ्रेमला स्पोर्टस्टर या हलक्या हार्लेचा पुढचा भाग जोडून सुपर ग्लाइड कारखान्यातूनच बाहेर काढली. पण बॉबर करणारे वजन काढून टाकत होते, गाडी हलकी आणि चपळ व्हावी म्हणून. माझ्या यादीतला सायलेन्सर गाडीला चालवण्यात काहीच देणार नव्हता. उलट धूर बाहेर जाण्याचा मार्ग बदलला की इंधन आणि हवेचे प्रमाण नव्याने जुळवावे लागते, कायद्याची मर्यादा ओलांडली जाते आणि शेजाऱ्यांच्या झोपेचे खोबरे होते. २७० अंशांचा तो लंगडा ठेका मूळ सायलेन्सरमधूनही पुरेसा ऐकू येतो. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडले की तो सर्वांत छान लागतो. ओरखडाही मी तसाच ठेवला आहे.

रायझर आणि गार्डचे बोल्ट टॉर्कच्या (ठरावीक जोराने कसणाऱ्या) पान्याने कसल्यावर भावाने एक युक्ती सांगितली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावताच कळते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गार्डच्या डाव्या वरच्या बोल्टची रेघ सरकलेली होती. तो पुन्हा कसला आणि नवी रेघ ओढली. काल संध्याकाळी अकराशे किलोमीटरवर बॅटरी धरून सगळ्या रेघा पाहिल्या, सगळ्या अखंड होत्या. सीट सोमवारी कारागिराकडे जाईल. तो चार दिवस ठेवून घेणार आहे.